टॅलमॅन कॉलेजचं तिसरं विजेतेपद

खेळाडूचं तोंड न बघता नुसत्या मळावरून खेळ ओळखणारी बाई आमच्या टॅलमॅनमध्ये एकच होती, व्हर्लीन टिबेट्स. कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलखाली तळघर आहे. तिथं बावीस वर्षं तिनं सगळ्या संघांचे कपडे धुतले. फुटबॉलवाल्यांचा चिखल आणि गवताचे हिरवे डाग, कुस्तीवाल्यांचं रक्त, गोळाफेकवाल्या पोरींच्या गळपट्टीला लागलेली पांढरी भुकटी. रक्ताला गार पाणी, गवताला व्हिनेगर. व्हॉलीबॉलच्या गुडघेपट्ट्यांच्या वासाला मात्र काही इलाज नाही म्हणायची, तिथं देवाचा धावा करायचा.

नवरा डेल धान्याच्या कोठारात कामाला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. तोंडानं फटकळ. मोजे उलटे टाकणाऱ्या पोराचं नाव ती तळघराच्या दारावर खडूनं लिहायची, मग तो फुटबॉलचा कप्तान का असेना. गॅरेट लूमिस कुस्तीगीर होता तेव्हा त्याचं नाव तिथं कायमच असे. पुढं तोच गॅरेट कॉलेजचा क्रीडा डायरेक्टर झाला, टाय बांधून हिंडायला लागला, तरी व्हर्लीनला तो मोजे उलटे टाकणारा गॅरेटच.

आणि मग ते वर्ष आलं. आमचं गाव चार हजारांचं, कॉलेज नऊशे पोरांचं. नेब्रास्काच्या नकाशावर बोट ठेवलं तर गाव बोटाखाली जातं. त्या वर्षी डिसेंबरात आमच्या पोरींनी व्हॉलीबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मार्चमध्ये कुस्तीचं आलं. बाहेरच्याला वाटेल, त्यात काय एवढं. वाटू दे. मोठमोठ्या विद्यापीठांना एका खेळात जमत नाही, आम्ही दोन खेळांत आणलं होतं, आणि मे महिन्यात पोरींच्या मैदानी स्पर्धा अजून व्हायच्या होत्या. मका पेरायला निघालेला माणूस ट्रॅक्टर थांबवून विचारायचा, काय, तिसरं येतंय का?

तिसरं येणं न येणं बऱ्याच अंशी एका पोरीच्या खांद्यावर होतं. तिचं नाव ओनीटा प्रुइट. मिसिसिपीतल्या नदीकाठच्या एका गावाची, काळी, उंच, रुंद हाडांची, आणि इतकी हळू बोलायची की पुढं वाकून ऐकावं लागे. गोळा फेकायची. पहिल्या हिवाळ्यात तिच्याकडं धड कोट नव्हता, कारण तिच्या मापाचा कोट टॅलमॅनच्या दुकानात मिळेना. तळघरात वाळवणयंत्रांची ऊब असते म्हणून ती तिथं येऊन अभ्यास करत बसायची. व्हर्लीन आधी कुरकुरली, मग तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. तीन वर्षं दोघी अशा, एक घड्या घालतेय आणि एक वाचतेय.

"मिस व्हर्लीन," ओनीटा म्हणायची. तिच्या मुलखात वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. "तुम्ही इतकं का बडबडता? यंत्रं काय ऐकतात?"

"तुझ्यापेक्षा बरी ऐकतात," व्हर्लीन म्हणायची.

दर ऑगस्टला कॉलेजच्या सगळ्या नोकरमाणसांना हॉलमध्ये बसवून नियम वाचून दाखवतात. शिपाई असो, स्वयंपाकी असो, कुणाला सुटका नाही. खेळाडूला गाडीत बसवायचं नाही, बाहेर जेवू घालायचं नाही, कसली वस्तू द्यायची नाही. दिली तर खेळाडू बाद, आणि बाद खेळाडूनं मिळवलेलं सगळं संघाच्या नावावरून पुसलं जाणार. फारच अडचण असली तर अर्ज करायचा. अर्जावर डायरेक्टरची सही, मग वर कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची मंजुरी. त्याला दोन दिवस लागतात. शेवटी प्रत्येकानं सही करायची.

"म्हणजे पोरगी गारठ्यात उभी दिसली तर गाडीच्या काचेतून नुसता हात हलवायचा का रे?" व्हर्लीननं एकदा विचारलं होतं.

"हात हलवायला परवानगी आहे, व्हर्लीन," गॅरेट म्हणाला होता, आणि हॉल हसला होता. व्हर्लीननंही हसत सही केली होती. अशा बावीस सह्या तिच्या.

ईस्टरच्या रविवारी सकाळी ओनीटाच्या भावाचा फोन आला. आईला झटका आला होता. उजवी बाजू गेली, डॉक्टर म्हणतात एखादा दिवस. वसतिगृह रिकामं होतं, सगळी पोरं घरी गेलेली. सणाच्या दिवशी आमच्या गावात बस येत नाही. ओनीटा चालत चालत व्हर्लीनच्या घरी आली आणि दारात उभी राहिली. रडत नव्हती. तिनं फक्त सांगितलं, आणि बस कधी असते ते विचारलं.

व्हर्लीननं गॅरेटच्या घरी फोन लावला. तो बायकामुलांना घेऊन सासुरवाडीला डेन्व्हरला गेला होता. तिनं ऑफिसात लावला, नुसता वाजत राहिला. मग तिनं फोन खाली ठेवला आणि पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट तिला आठवली. तिची आई कॅन्ससमध्ये शेवटच्या घटका मोजत होती, आणि त्यावेळचा डायरेक्टर म्हणाला होता, शनिवारचा सामना तेवढा होऊ दे, मग जा. ती थांबली. शनिवारी तिनं व्हॉलीबॉलच्या बारा जर्सी धुऊन वाळवल्या, आणि रविवारी पोचली तेव्हा आईच्या खोलीतली गादीसुद्धा बाहेर काढून ठेवली होती. आपण का थांबलो, हे तिला स्वतःला कधी नीट सांगता आलं नाही.

"बस गेली चुलीत," ती म्हणाली. "बस गाडीत."

"मिस व्हर्लीन, नियम आहे ना."

"नियम मला ठाऊक आहे. तू बस."

तेरा तास लागले. सणासाठी भाजलेला हॅम तिनं पावात घालून बरोबर घेतला होता, तो दोघींनी गाडीतच खाल्ला. आई जिवंत होती. ओनीटानं तिचा डावा हात धरला आणि आईनं तो दाबला, तीनदा, हे ओनीटा नंतर पुन्हा पुन्हा सांगायची. सोमवारी दुपारी म्हातारी गेली. व्हर्लीननं ऑफिसात फोन करून आजारी आहे म्हणून कळवलं, मातीला थांबली, आणि बुधवारी पोरीला परत घेऊन आली. अर्ज राहिला. आता मागून अर्ज केला तर उगाच शंभर प्रश्न, असं तिला वाटलं. मेलेल्या बाईसाठी कुणाची कसली मंजुरी मागायची, असंही वाटलं.

मेच्या शेवटी ओनीटानं गोळा असा फेकला की मोजणाऱ्या माणसानं फीत दोनदा लावली. पहिल्या नंबरचे दहा गुण. आमचं कॉलेज एकंदर तीन गुणांनी जिंकलं. तीन गुण! तिसरं विजेतेपद! अग्निशमन दलानं भोंगा वाजवला, चर्चनं घंटा वाजवली, आणि त्याच आठवड्यात रंगारी पाण्याच्या टाकीवर चढला. व्हॉलीबॉल, कुस्ती, मैदानी खेळ, तीन ओळी, चार मैलांवरून वाचता येतील अशा. टाकीखाली उभं राहून म्हातारे लोक फोटो काढून घेत होते. व्हर्लीननंही काढून घेतला, ओनीटाच्या काखेखाली उभी राहून.

आमच्या छोट्या वर्तमानपत्रानं ओनीटाची मुलाखत छापली. तिला विचारलं, हे यश कुणाचं? ती म्हणाली, मिस व्हर्लीनचं. त्यांच्या गाडीमुळं मी वेळेवर आईपाशी पोचले, नाहीतर यावर्षी माझ्या हातून गोळा उचललाच गेला नसता. व्हर्लीननं ते कात्रण तळघराच्या भिंतीवर चिकटवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवलं. तिच्या काही ध्यानात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्या सबंध गावातल्या कुणाच्याच आलं नाही.

दुसऱ्या नंबरावर आलेल्या कॉलेजातल्या कुणीतरी तेच कात्रण पाकिटात घालून संघटनेला पाठवलं.

सप्टेंबरात चौकशीचं पत्र आलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जबाब होईपर्यंत व्हर्लीन टिबेट्स आणि ओनीटा प्रुइट यांनी एकमेकींशी या विषयावर बोलायचं नाही. जबाबाच्या चार दिवस आधी गॅरेट तळघरात उतरला. दार लावून घेतलं. टाय सैल केला.

"व्हर्लीन, तुझ्या गाडीची किल्ली कुठं असते?"

"इथंच, खिळ्याला. का?"

"ईस्टरच्या दिवशीही इथंच होती. तू आजारी होतीस. घरी पडून होतीस. ऑफिसात तशी नोंद आहे."

व्हर्लीननं हातातल्या टॉवेलची घडी घातली. "पुढं बोल."

"पोरीनं किल्ली उचलली. न विचारता. तुला बुधवारी कळलं, तू तिला माफ केलंस. म्हणजे नोकरानं खेळाडूला काही दिलं असं होत नाही. कॉलेजच्या शिस्तीचा मामला होतो. एक सत्र तिला घरी पाठवू, वसंतात परत घेऊ. पोलीस नाही, काही नाही. विजेतेपद राहतं."

"आणि ती चोर ठरते."

"कागदावर गं."

"गॅरेट, तू गोरा आहेस, तुझं कागदावर भागतं. तिच्या रंगाच्या पोरीनं गोऱ्या बाईची गाडी पळवली म्हटल्यावर ते कागदावर राहतं का? जन्मभर तिच्या मागं लागेल ते. आईला भेटायला गेली ती पोर!"

"बाकीच्या अकरा पोरींचं काय? त्यांनी काय पाप केलं? गावाचं काय?" गॅरेटचा आवाज चढला. "आणि तू सह्या केल्यास ना? बावीस वेळा? तेव्हा कुठं गेली होती अक्कल?"

व्हर्लीननं दाराकडं बोट केलं. "नीघ इथून," एवढंच ती म्हणाली. तो निघाला.

ते चार दिवस तिला झोप लागली नाही. अकरा पोरी तिच्या डोळ्यांपुढून हटेनात. अडथळ्यांच्या शर्यतीत घोटा मुरगळूनही पळालेली, उंच उडीवाली, त्या सगळ्यांचे कपडे तिनंच धुतलेले. पण प्रत्येक वेळी विचार फिरून तिथंच यायचा. पोरीला चोर म्हणायचं नाही. बाकी काय व्हायचं ते होवो.

जबाबाच्या आदल्या दिवशी दुपारी ओनीटा तळघराच्या खिडकीपाशी आली. कपडे देण्याघेण्याची ती खिडकी. हातात काही नव्हतं.

"मिस व्हर्लीन, मला एक सांगायचंय."

व्हर्लीनच्या मनात आलं, एकदा नियम मोडला त्याचं हे फळ. आता कुणी बघितलं तर पोरीच्या माथी आणखी एक आरोप.

"जा बाळ," ती म्हणाली. "आपल्याला बोलायची बंदी आहे. काळजी करू नको, मी सगळं बघते."

"पण दोनच मिनिटं."

"जा म्हटलं ना!"

ओनीटानं खिडकीच्या कडेवरचा हात काढून घेतला. मग गेली. व्हर्लीननं खिडकी ओढून घेतली, आणि आपण शहाणपणानं वागलो असं तिला वाटलं. या वेळी तरी नियम पाळला, असं वाटलं.

चौकशीला आलेली बाई सौम्य होती, हॅल्वर्सन नावाची. तिनं आधी व्हर्लीनला पाणी दिलं, मग टेप चालू केला. व्हर्लीननं पहिल्यापासून सगळं सांगितलं. दारात उभी असलेली ओनीटा, न उचललेला फोन, तेरा तास, हॅम, म्हातारीचा हात. "गाडी मीच चालवली. पोरीनं मला नियमाची आठवण करून दिली होती, मीच ऐकलं नाही. तिची काही चूक नाही, ते तेवढं ठळक लिहा."

हॅल्वर्सनबाईंचं पेन थांबलं. त्यांनी सकाळचा कागद उलटून पाहिला.

"मिसेस टिबेट्स, आज सकाळी मिस प्रुइट यांचा जबाब झाला. त्यांनी वेगळं सांगितलंय."

"काय वेगळं?"

"ते मला सांगता येणार नाही. तुम्ही सांगितलंत त्याला पुरावा आहे का?"

पुरावा होता. वाटेत पेट्रोल भरल्याच्या पावत्या गाडीच्या खणात तशाच पडल्या होत्या, तिच्या सहीच्या. तिनंच धावत जाऊन आणून दिल्या. अभिमानानं दिल्या, हे पुढं तिला सगळ्यात जास्त लागलं.

निकाल नोव्हेंबरात आला. ईस्टरपासून ओनीटा बाद. तिचे दहा गुण गेले, तिसरं विजेतेपद गेलं. आणि त्याखाली आणखी एक कलम होतं. चौकशीत खोटं बोलल्याबद्दल, गाडी आपण चोरून नेली असं जाणूनबुजून खोटं सांगितल्याबद्दल, ओनीटा प्रुइट हिला कायमची बंदी. शिष्यवृत्ती रद्द.

व्हर्लीननं ते कलम तळघरात उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती ओनीटाच्या त्या खुर्चीवर बसली आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वाळवणयंत्र थांबून शिटी वाजवत राहिलं, तिनं ते बंद केलं नाही.

तिची नोकरी गेलीच. गॅरेटनं काढलं म्हणण्यापेक्षा त्याला काढावं लागलं, त्याचीही पुढच्या वर्षी गेली. रंगारी पुन्हा टाकीवर चढला आणि त्यानं तिसऱ्या ओळीवर पांढरा रंग फिरवला. अकरा पोरींनी पदकं परत पाठवली. बारावं आलं नाही. ओनीटाच्या भावानं ते उन्हाळ्यातच आईच्या थडग्याच्या सिमेंटमध्ये बसवून टाकलं होतं. संघटनेनं त्यासाठी तिला दोन पत्रं पाठवली, इतके निर्लज्ज.

आणि आमचं गाव? आमच्या गावाबद्दल मला चांगलं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. कॅफेत व्हर्लीन बसली की शेजारचं टेबल रिकामं व्हायचं. चर्चमध्ये तिच्या बाकावर ती एकटी. उंच उडीवाल्या पोरीची आई दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढी दया येत होती तर एक कागद भरायला काय झालं होतं गं तुला?" मीही तिथं रांगेत होतो. मीही मान खाली घालून माझं दूध घेतलं आणि निघालो.

डिसेंबरच्या सुरुवातीला ओनीटा गाव सोडून निघाली. औषधांच्या दुकानासमोर बस थांबते, तिथं ती दोन बॅगा घेऊन उभी होती. भर दुपार, पण थंडी अशी की श्वास दिसत होता. व्हर्लीन गाडी घेऊन आली, शेजारी लावली, आणि पलीकडचं दार आतून उघडलं.

"बस. मी सोडते घरी. आता तू कुणाची खेळाडू नाहीस आणि मी कुणाची नोकर नाही. कुणाच्या बापाची मंजुरी लागत नाही."

"नको, मिस व्हर्लीन. तिकीट काढलंय."

व्हर्लीन गाडीतून उतरली. "तू का खोटं बोललीस गं? मी तुला वाचवायला खरं बोलले, आणि तू..."

"डायरेक्टर माझ्याकडं आले होते," ओनीटा म्हणाली. नेहमीसारखंच हळू, व्हर्लीनला पुढं वाकावं लागलं. "तुम्ही ऐकत नाही म्हणाले. मी म्हटलं, मी सांगते. मला चालणार होतं. एक सत्र घरी राहिले असते, वसंतात परत आले असते. पुढच्या वर्षी पदवी घेतली असती. त्या अकरा जणींचं राहिलं असतं. तुमची नोकरी राहिली असती."

"पण चोर म्हणाले असते तुला!"

"मला त्यापेक्षा वाईट म्हणालेत लोक. इथंही म्हणालेत. मी तुमच्या कानावर कधी घातलं नाही इतकंच." तिनं बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. "माझं मी ठरवलं होतं. तेच सांगायला खिडकीपाशी आले होते. तुम्ही फक्त आजारी होते म्हणायचं होतं."

व्हर्लीननं तिच्या बॅगेचा पट्टा धरला. "मला... मला सांगितलं होतं बाळ. तुझ्याशी बोलायचं नाही म्हणून. सक्त सांगितलं होतं."

बस आली. ड्रायव्हरनं उतरून बॅगा खाली सरकवल्या. ओनीटानं व्हर्लीनचा हात हातात घेतला, दाबला, आणि पायरीवर चढली. तिथून वळून तिनं तिच्याकडं पाहिलं. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं.

"ईस्टरलाही तुम्हाला सांगितलेलंच होतं की, मिस व्हर्लीन, गाडीत बसवायचं नाही म्हणून," ती म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

त्यानंतर व्हर्लीन टिबेट्स एकोणीस वर्षं जगली. शेजारच्या तालुक्यातल्या वृद्धाश्रमात चादरी धुवायची. तिनं मिसिसिपीला बरीच पत्रं लिहिली. नाताळला ओनीटाचं कार्ड यायचं, दरवर्षी, नेमानं, त्यात तब्येत कशी आहे एवढंच विचारलेलं असायचं. पण बसच्या पायरीवरच्या त्या एका वाक्याला काय उत्तर लिहावं ते काही व्हर्लीनला शेवटपर्यंत सुचलं नाही.